तुटक्या दाताला दोन आठवडे

"पण मग ते धरत का नाही, सर?"

खुर्चीत आडवा झालेला शार्दूल खटावकर स्वतः दातांचा डॉक्टर होता. असला प्रश्न विचारताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. समोरच्या दाताचा कोपरा तुटलेला. स्वतःच्याच दवाखान्यात त्याने तीनदा फिलिंग करून घेतलं, तीनदा ते गळून पडलं. शेवटचं तर पोहे खाताना.

टिपणीससरांनी आरसा दातामागे धरला. वाईतल्या याच खोलीत शार्दूल त्यांच्या हाताखाली शिकला होता. सहा वर्षांपूर्वी "तुमचा हात फार संथ आहे" असं तोंडावर सुनावून जो गेला, तो आज उगवला होता.

"दात पांढरे कधी केलेस?"

"मंगळवारी. रविवारी नव्या दवाखान्याचं उद्घाटन आहे."

"आणि फिलिंग?"

"बुधवारी... परत गुरुवारी. आणि आज सकाळी."

सरांनी आरसा खाली ठेवला. शार्दूलचे कान तापले. पांढरं करणाऱ्या औषधातला ऑक्सिजन काही दिवस दाताच्या कवचात राहतो आणि तोवर फिलिंग नीट चिकटत नाही, हे त्याने याच खोलीत घडाघडा म्हणून दाखवलं होतं.

"त्यावर औषध निघालंय, सर. थोडा वेळ लावलं की आजच भरता येईल."

"निघालं असेल. तू दोन आठवडे थांब."

"मला आजच हवंय!" तो उठूनच बसला. मग त्याचा आवाज उतरला. "दात हे निमित्त आहे, सर. सहा वर्षं रोज वाटायचं, यावं. फार आठवण यायची तुमची... मला माफ केलंत, एवढं आज म्हणा. दात तुटका राहिला तरी चालेल."

सरांनी हातमोजे काढले. सावकाश, एकेक बोट सोडवत. मग पेशंटच्या वेळा लिहायची वही पुढे ओढली.

शनिवार, शार्दूल. रविवार, शार्दूल. सोमवार, शार्दूल...

असे दोन्ही आठवडे भरले.

"रोज?" शार्दूल गोंधळला. "पण सर, दोन आठवडे तर काहीच करायचं नाहीये."

सरांनी वही मिटली.

"म्हणूनच रोज ये."