दोन रांगांचं उरलेलं खत

एका गावात एक म्हातारा होता, आणि त्याचं रान त्याच्यापेक्षा म्हातारं दिसायचं. घरात मूलबाळ नाही, गुडघे थकलेले, बैल केव्हाच विकलेले. म्हणून तो रान अर्ध्या वाट्यानं दुसऱ्याला कसायला द्यायचा. पाडव्याला द्यायचा आणि पुढच्या पाडव्याला काढून घ्यायचा. कसणारा कितीही कष्टाचा असो, दुसरं वर्ष म्हणून नाही.

ही अक्कल त्याला बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्यानं दिली होती. "आबा, एकाला दोन वर्षं ठेवलं, की तो रान माझंच म्हणायला लागतो. मग बसा पंचांपुढं." शेजारी बोलायला गोड. म्हाताऱ्याला ते पटलं, नुसतं पटलं नाही, मनात रुतून बसलं.

अशी बारा वर्षं गेली. बारा कसणारे आले नि गेले. आता एका वर्षासाठी खत कोण घालतो? जो तो येई, रान पिळून घेई आणि चालू लागे. जी कणसं मुठीएवढी भरायची ती अंगठ्याएवढी झाली. म्हातारा म्हणे, हल्लीची माणसंच आळशी.

तेराव्या पाडव्याला दारात एक तरणी पोर येऊन उभी राहिली. गावाची गुरं राखणाऱ्या गुराख्याची लेक. तिच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या पिकातून गुरं हाकलली, पण स्वतःची म्हणून पाय टेकण्यापुरतीही जमीन नव्हती.

"आबा, यंदा रान मला द्याल का?"

"तू कधी शेती केलीयस?"

"केली नाही. बांधावर बसून गावाची बघितलीय, कळायला लागल्यापासून."

"बघून येते होय शेती?"

"दुसऱ्याचं काय चुकलं ते तर बघूनच कळतं की."

म्हाताऱ्याला हसू आलं. दुसरं कोणी मागायलाही आलं नव्हतं. "बरं. पण एकच वर्ष. पाडव्याला मुकाट उठायचं. वीस रांगांचं रान आहे. बारा-बारा पावलांवर खताच्या ढिगांची रांग घालून माझ्या बापानं मोजलेलं."

"उठेन," पोर म्हणाली.

आता गंमत बघा. पोरीकडे रान नव्हतं, पण उकिरडा होता. गुरांमागं फिरता फिरता सहा वर्षं तिनं शेण गोळा केलं होतं, अजून न मिळालेल्या शेतासाठी. बायका चिडवायच्या, "हिच्या लग्नात उकिरडाच आंदण द्या गं." ते सगळं काळंभोर, भुसभुशीत खत तिनं पाटीपाटीनं म्हाताऱ्याच्या रानात वाहायला घेतलं.

शेजारी बांधावर येऊन म्हणाला, "अगं खुळे, असलं खत तीन वर्षं पुरतं. तू इथं एका वर्षाची पाहुणी."

"पाहुणीनं रिकाम्या हातानं यावं का मग?"

शेजारी तडक म्हाताऱ्याकडे गेला. "आबा, तीन वर्षांचं खत एका वर्षाच्या रानात कोण घालतं? ज्याला उठायचंच नाही तो. सांभाळा."

ताटातली भाकर तशीच टाकून, काठी घेऊन म्हातारा रानाकडे निघाला. बघतो तर काय, पोर बांध ओलांडून शेजाऱ्याच्या मोकळ्या रानात उभी, तरवडाच्या झुडपाखाली पहारीनं खणत होती. म्हाताऱ्याला वाटलं, झालं, हिनं बांध सरकवायला घेतला.

"सोड ती पहार," तो दुरूनच ओरडला. "आजच्या आज रानातून नीघ."

पोरीनं पहार खाली ठेवली. घाम पुसला. "निघते, आबा. पण तुमचं रान वीस रांगांचं ना? मी वीस रांगांचं खत आणलं. अठराव्या रांगेलाच बांध लागला, म्हणून पुढच्या दोन रांगा मोजून इथं जुनी खूण शोधत होते. दोन रांगांचं खत उरलंय, ते कुठं घालू तेवढं सांगा."

मागून शेजारी धापा टाकत आला. "आबा, पोरीची जात, मोजणार काय ती! पावलं चुकली असतील."

"माझी पावलं आबांच्या बापापेक्षा लहान," पोर म्हणाली. "मग खत कमी पडायला हवं होतं. उरलं कसं?"

म्हाताऱ्यानं वाकून खड्ड्यातली माती हातानं सारली. खाली हद्दीचा एक दगड होता, आणि दगडावर छिन्नीचे तीन घाव. त्याच्या बापाचे. लहानपणी याच दगडावर बसून त्यानं न्याहारी केली होती.

दगडापासून बांधापर्यंत त्यानं पावलं मोजली. चोवीस भरली. बारा वर्षं, दरसाल दोन पावलं. दरसाल नवा कसणारा, बांध गेल्या साली कुठं होता हे त्याला कुठून ठाऊक असणार?

शेजारी खाली बघत म्हणाला, "नांगर वळवताना बैल जरा पुढं जातात, आबा. मुकी जनावरं ती."

"मुकी खरी," म्हातारा म्हणाला, "पण बारा वर्षांत एकदाही तुझ्या अंगाला वळली नाहीत."

पंच आले, दगड बघितला, बांध जुन्या जागी गेला. उरलेलं खत त्या चोवीस पावलांत बरोबर बसलं. त्या साली कणसं अशी भरली, की ताटं वाकली.

पुढचा पाडवा आला. सकाळीच पोर दारात हजर. हातात पहार नि पाटी, घरी न्यायला. "आबा, बोलल्याप्रमाणे उठते. खतात अजून दोन वर्षांचा कस आहे. पुढच्या माणसाला सांगा."

म्हाताऱ्याला आता उमगलं. ज्याची भीती बाळगली तो चोर कधी आलाच नव्हता, आणि जो होता त्याच्याकडूनच आपण शहाणपण घेत बसलो. छातीवरचं बारा वर्षांचं ओझं कोणीतरी उतरवून ठेवावं, तसं त्याला झालं.

"पाटी ठेव खाली," तो म्हणाला. "खताचा कस आहे तोवर रान तू कसायचं. पंचांपुढं सांगतो."

पोरीनं पाटी ठेवली. जरा विचार केला. "आबा, मग मी दर तिसऱ्या वर्षी खत घातलं तर?"

म्हाताऱ्यानं बोटांवर हिशेब केला, आणि मग इतका हसला, की त्याला भिंतीला टेकावं लागलं.

तात्पर्य: नव्या हाताला जमीन द्यावी, तशी तिच्याबरोबर वर्षंही द्यावीत; ज्याला उद्याच उठायचं आहे, त्याच्याकडून ना खत पडतं, ना बांध राखला जातो.