निवड्या आणि राखण्या

फार मागे, माणसाने नुकतीच खळी करायला घेतली होती त्या काळी, एका करड्या कोंबडीच्या मेंदूत दोन भाऊ राहत. डावीकडचा निवड्या उजव्या डोळ्याने पाही आणि खड्यांतून नेमका दाणा टिपी. उजवीकडचा राखण्या डाव्या डोळ्याने सारे आकाश राखी. ईश्वराने कामे अशी वाटून दिली होती.

त्या वर्षी दाणा थोडा आणि पिल्ले पाच. कोंबडी चोच खाली नेई, तोच राखण्या म्हणे, "थांब!" ती दचकून मान वर करी, नुसती पाने हललेली असत. पुन्हा चोच, पुन्हा "थांब!" तिचा जीव थाऱ्यावर राहीना.

"बाई, या शहाण्याने जन्मात एक दाणा तरी शोधला आहे का?" निवड्या म्हणाला. "त्यालाही वेचायला लाव."

"अगं, मला खडा आणि दाणा सारखाच दिसतो," राखण्या कळवळला.

"मग शीक!" कोंबडीने दरडावले आणि त्यालाही दाणे वेचायला जुंपले.

थोड्याच वेळात खळ्यावरून एक सावली सरकली.

"बाई, वर—"

"गप्प! वेच."

क्षणात चारच पिल्ले उरली.

"तू पाहत होतास ना रे?" तिने रडत निवड्याला विचारले.

"पाहिले की. वाकडी नखे होती, तपकिरी पिसे होती. पण ते काय होते, हे कळले नाही."

कोंबडीने मान वळवली. "राखण्या, आता तू बोल."

"घार अजून वरच आहे, बाई."

पुढ्यात दाणा होता. तो तसाच टाकून तिने चारही पिल्लांवर पंख पसरले.