सोळा कॅमेऱ्यांची साक्ष

सांगलीच्या उगारेशेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गिऱ्हाइकाला काय हवंय, ते शेठच ठरवायचे. एकदा निवृत्त शिक्षिका वत्सलाबाई गोंधळेकर तिथे आल्या.

"शाळेच्या बावीस स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ घरी साठवायचेत. छोटा सर्व्हर बांधून द्या. प्रोसेसर साधाच घाला. वाचतील त्या पैशात दुसरी डिस्क येईल, म्हणजे एक बिघडली तरी पोरांची नाटकं शाबूत राहतील."

शेठ कुत्सित हसले. "बाई, तुम्हाला यातलं काय कळतंय? व्हिडिओ म्हणजे खेळ नव्हे. हा सगळ्यात भारी प्रोसेसर घ्या. डिस्क एक बास झाली."

बाईंनी छताकडे पाहिलं. "कॅमेरे बरेच लावलेत हो!"

"सोळा!" शेठ फुलले. "रात्रंदिवस चालू. महिन्याभराचं रेकॉर्डिंग साठतंय. चार वर्षांत एकदाही अडकलं नाही."

"मग ते साठवणाऱ्या यंत्रात प्रोसेसर भारीच असेल?"

"छे! एकदम साधा. नुसतं साठवायला काय लागतंय?"

"तेच म्हणते मी," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या चोरांना साधा प्रोसेसर चालतो, तर माझ्या पोरांनी काय घोडं मारलंय?"

शेठनी साधा प्रोसेसर काढला आणि पुन्हा सांगायची वेळ न येता शेजारी दोन डिस्क ठेवल्या.