खेकड्यांचा लाटेवरचा दिवा

फार फार पूर्वी, खेकड्यांनाही उद्घाटनांचा सोस होता तेव्हाची गोष्ट. रात्री पिल्लं वाट चुकू नयेत म्हणून त्यांनी समुद्रात एक पिंप सोडलं. लाटांवर पिंप वरखाली झालं, की वीज तयार व्हायची आणि किनाऱ्यावरचा दिवा लागायचा.

उद्घाटनाला अध्यक्ष खेकड्यांनी रिवाजाप्रमाणे समुद्राला नारळ वाहिला आणि नांग्या जोडून म्हटलं, "दर्याराजा, शांत हो!"

समुद्र निमूट शांत झाला. अध्यक्षांनी बटण दाबलं. दिवा लागेना.

"पिंप कामचुकार आहे!" अध्यक्ष कडाडले.

"साहेब, माझी वीज लाटांतून येते," पिंप म्हणालं, "आणि लाटा तर तुम्हीच थांबवल्यात."

सभेत कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांनी घसा खाकरला.

"चूक लक्षात आली आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "नारळ लहान पडला. उद्या याहून मोठा वाहू."

टाळ्यांचा कडकडाट झाला.