माळावरचा लोकरीचा धागा

माणदेशातल्या खडकेवाडीला शांभवनाथ महाराजांचा मठ होता. मठ कसला, दगडाच्या चार भिंती, पुढं धुनी आणि वर नावापुरतं छप्पर. पण मानमोडीच्या तापाच्या साथीत ज्यांचं कुणी म्हणून उरलं नाही, अशी लेकरं महाराज गावोगावाहून उचलून आणत, आणि ती सगळी त्या छपराखाली मावत. कशी मावत, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक!

या लेकरांसाठी घोंगड्या विणणाऱ्या सनगराची सगुणा लोकरीच्या बंड्या विणायची. साथीनं तिची स्वतःची दोन्ही पोरं नेली होती. तालुक्याच्या दवाखान्यात झाडलोट करताना एका मडमेनं तिला दोन सुयांवरचं विणकाम शिकवलं होतं, तेवढाच आता तिच्या जिवाला आधार होता.

आमच्याकडं कातरणीआधी मेंढरं ओढ्यात धुऊन काढतात. त्या वर्षी ओढाच आटला. गावातला सगळ्यात मोठा कळप मालोजी ठोंबऱ्याचा. त्यानं मेंढरं तशीच कातरली, चांगली लोकर विकली आणि पोटाखालची मळकी पांढरी लोकर धर्म म्हणून मठाला टाकली. थंडी तर दारात आलेली. प्यायला पाणी नाही, तिथं लोकर कशानं धुणार? सगुणानं तशीच कातून विणली. बंड्या झाल्या उबदार, पण त्यांना मेंढराचा वास असा की विचारू नका.

मालोजीनं पारावर चारचौघांत तिची टर उडवली. "सगुणे, लेकरांची मेंढरं केलीस की! आता लांडगा माझ्या कळपाकडं कशाला फिरकतोय? मठातच पंगत मांडलीस."

लोक हसले. पण माळावर लांडगे होतेच. बंड्या कवटाळून सगुणा महाराजांपुढं उभी राहिली.

"लेकरांना आधी कोण मारेल, थंडी की लांडगा?" महाराजांनी विचारलं.

"थंडी, महाराज."

"मग घाल त्यांना."

तिनं घातल्या. पण जीव टांगणीला लागला तो लागलाच. दिवेलागणीला सगळी लेकरं आत आली की मगच तिच्या घशाखाली घास उतरायचा.

आणि एका संध्याकाळी व्हायचं तेच झालं. माळावर गोवऱ्या वेचायला गेलेली लेकरं किंचाळत परत आली. त्यांत चार वर्षांची चिमी नव्हती. थोरल्या पोरीनं कसंबसं सांगितलं, लांडग्यानं मागून चिमीच्या बंडीला धरलं आणि तिला नेलं.

गाव पलिते, काठ्या, कुऱ्हाडी घेऊन जमलं, पण शिवेपलीकडं पाऊल टाकायला कुणी धजेना. मालोजी मात्र बोलायचं ते बोललाच. "लांडग्यानं नाही, तूच घालवलीस ती पोर." सगुणाला ते खरंच वाटलं. स्वतःची दोन गेली तेव्हा दैवाला बोल लावता आला होता. आता कुणाला लावणार?

महाराज काळी घोंगडी पांघरून धुनीजवळ डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, "पोरी, जा. धागा सापडेल. मालोजी, तू हिच्याबरोबर जा. कुऱ्हाड इथंच ठेव."

साऱ्या गावादेखत नाही कसं म्हणणार? मालोजीनं कुऱ्हाड ठेवली आणि पलिता घेतला.

शिवेबाहेर बोरीच्या काट्याला पांढरी लोकर अडकली होती. विणलेल्याचं असंच असतं, एक टाका तुटला की सगळं उसवत जातं. सगुणा धागा हाताला गुंडाळत निघाली. अंधार दाटत गेला. कुसळी गवतात बाजूनं काहीतरी चालत होतं, ही दोघं थांबली की तेही थांबत होतं. मालोजीचे दात वाजत होते. आणि सगुणाच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. आता बंडी कमरेपर्यंत उसवली. आता छातीपर्यंत. आता लेकरू उघडं पडलं. आता संपली.

धागा संपेना! तिनं पलित्याच्या उजेडात पाहिलं, तर हातात येत होता तो धागा काळा होता. काळी लोकर तिनं सुयांना लावलीही नव्हती. बोललं तर धागा तुटेल, अशी भीती वाटून ती तशीच गुंडाळत पुढं गेली.

घळीच्या तोंडाशी दोन डोळे चमकले. लांडगीण होती. मालोजी मटकन खाली बसला आणि त्यानं सगुणाचा पदर घट्ट धरला. सगुणालाही पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण लांडगिणीच्या मागं चिमीचा पाय दिसला, आणि ती पुढं झाली. लांडगिणीनं तिचा हात हुंगला. आता तोडणार, म्हणून सगुणानं डोळे मिटले. हातातल्या काळ्या धाग्याच्या गुंड्याशी ते नाक बराच वेळ थांबलं. मग लांडगिणीनं कान पाडले आणि ती बाजूला सरली.

चिमी पिल्लांच्या घोळक्यात झोपली होती. अंगावर ओरखडा नाही. पांढऱ्या बंडीची खालची कड बोटभर उसवलेली, बाकी सगळी शाबूत.

चिमीला मालोजीनंच खांद्यावर घेऊन आणलं. मठाशी येतो तर महाराज होते तिथंच, थंडीनं कुडकुडत. संध्याकाळी त्यांनी पांघरलेल्या काळ्या घोंगडीची वीतभर उसवलेली पट्टीच खांद्यावर उरली होती.

"पोर उबेत होती ना?" महाराजांनी विचारलं.

मालोजीनं आपली घोंगडी काढून त्यांच्या अंगावर घातली आणि पाय धरले. चांगली लोकर विकून मळकी दिली, वर या बाईलाच हसलो, असं म्हणत तो ढसाढसा रडला. महाराजांनी हळूच पाय मागं घेतले.

"पाया पडायचं तर हिच्या पड. भीत भीत गेली, पण गेली."

सगुणा संकोचून मागं सरायला लागली. पण साऱ्या गावादेखत मालोजी ठोंबऱ्याचं डोकं तिच्या पायांवर टेकलं होतं, आणि ते लवकर उठलं नाही.