धुतलेलं इंजिन

“मग पाणी जातंय कुठं?”

दस्तगीर उस्तादांनी विचारलं आणि चहाचा ग्लास बाकावर ठेवला.

सुजय नलवडेकडे उत्तर तयार होतं. “आत जातंय. हेड गॅस्केट गेलंय. बाहेर एक थेंब पडत नाही, म्हणजे आतच जळतंय. इंजिन उघडावं लागणार.”

“बघितलंस?”

“काय?”

“आत जाताना.”

“ते दिसत नसतं, उस्ताद. बाहेर जात नाही म्हणजे आत जातं. सरळ आहे.”

“हं...”

हे ‘हं’ सुजयच्या चांगलंच ओळखीचं होतं. घाटाच्या पायथ्याच्या उस्तादांच्या या पत्र्याच्या गॅरेजात त्यानं चार वर्षं ते ऐकलं होतं. मग डिप्लोमा झाला, शहरातल्या मोठ्या वर्कशॉपात नोकरी लागली, आणि जाताना तो नको ते बोलून गेला होता. “असल्या कळकट जागेत कोण शिकणार?” असं काहीतरी. सगळ्यांसमोर. उस्ताद त्या दिवशीही “हं” एवढंच म्हणाले होते. त्याला आता सहा वर्षं झाली.

आजही तो स्वतःहून आलेला नव्हता. त्याला माने सरांनी पाठवलं होतं.

गाडी सरांचीच. सरांनी त्याला शाळेत गणित शिकवलं होतं, आणि गाडीच्या बाबतीत ते सुजयशिवाय कुणाचं ऐकत नसत. काकूंचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी, घाटापलीकडच्या दवाखान्यात. एसटीचे धक्के त्यांना सोसत नाहीत. दोन महिन्यांपासून घाटात गाडीचा काटा लाल रेघेला टेकू लागला, आणि सकाळी बघावं तर कूलंट, इंजिन गार ठेवणारं ते हिरवं पाणी, कमी. सुजयनं रेडिएटर बदलला. मग थर्मोस्टॅट. मग पाण्याचा पंप. प्रत्येक वेळी सरांना छातीठोक सांगितलं, “आता बघायचं काम नाही.”

गेल्या सोमवारी येताना गाडी चौथ्या वळणावर बंद पडली. सुई टोचून थकलेल्या काकू दोन तास भर उन्हात रस्त्याकडेच्या दगडावर बसून होत्या.

आज बुधवार. इंजिन उघडलं की गाडी दहा दिवस हलणार नाही. सर फोनवर एवढंच म्हणाले होते, “उघड बाबा. पण आधी एकदा दस्तगीरला विचारून ये.”

सुजय विचारायला आला नव्हता. ‘हो’ ऐकायला आला होता.

उस्ताद उठले. गुडघे आता कुरकुरत होते. त्यांनी बॉनेट उघडलं आणि उघडं धरूनच उभे राहिले.

आत सगळं लखलखत होतं. पाइप काळेभोर, पत्रा चकचकीत, कुठं धुळीचा कण नाही. सुजयला बरं वाटलं. निदान हे तरी बघतील.

“हे कुणी केलं?”

“मीच. आमच्याकडं गाडी आली की आधी प्रेशरनं इंजिन धुतो. नियमच आहे. घाणीत हात घालायचा नाही.”

“तिन्ही वेळा धुतलंस?”

“चारी वेळा. आज सकाळी पण.”

उस्तादांनी ऑइल मोजायची काडी ओढली. टोकावरचं तेल बोटावर घेऊन उन्हात धरलं. तेल काळं होतं, पण स्वच्छ. त्यात पाणी मिसळलं असतं तर ते दुधाळ दिसलं असतं.

सुजयनंही ते पाहिलं. “कधी कधी दुधाळ होत नाही,” तो घाईनं म्हणाला.

“हं...”

उस्ताद आत गेले. गॅरेजच्या कोपऱ्यात एक जुना कॅरम होता. त्याच्या खालून त्यांनी पावडरचा डबा काढला, बाहेर आले, झाकण उघडलं, आणि इंजिनाचा पट्टा तेवढा सोडून सगळा डबा त्या लखलखत्या इंजिनावर पालथा केला.

“उस्ताद!”

पांढरा धुरळा उडाला. सुजयच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर बसला, खिशावर शिवून घेतलेल्या नावावर बसला. सरांच्या गाडीचं इंजिन पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसायला लागलं. सुजयला खरंच रडू यायचं बाकी होतं. ही गाडी त्यानं आज सकाळीच दीड तास खपून धुतली होती.

“घाट चढून ये,” उस्ताद म्हणाले. “वरच्या देवळापाशी वळव आणि खाली ये. मधे थांबू नको.”

“आणि काटा चढला तर?”

“तर थांब.”

तासाभरानं तो परत आला. काटा लाल रेघेच्या जरा अलीकडं होता. त्यानं बॉनेट उघडलं. पावडर जशीच्या तशी. एक डाग नाही.

“बघा!” त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर होता आणि तो लपत नव्हता. “इंजिन तापलंय, आत दाब पूर्ण आहे, तरी बाहेर काही नाही. मी म्हणत होतो ना? किती कमी झालंय तेवढं बघतो...”

त्याचा हात रेडिएटरच्या झाकणाकडं गेला.

उस्तादांनी त्याचं मनगट धरलं. म्हातारा एवढ्या चपळाईनं हलेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या हातानं त्यांनी आपली बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सुरकुतून गुळगुळीत झाली होती. ऐन तरुणपणी तापलेल्या ट्रकच्या रेडिएटरचं झाकण उघडलं होतं, त्याची ती खूण. चार वर्षांत सुजयनं ती शंभरदा पाहिली होती.

“माहीत आहे,” तो पुटपुटला.

“मग बस.”

“किती वेळ?”

“गार होईतोवर.”

“पाणी मारतो वरून, दहा मिनिटांत...”

“बस.”

उस्तादांनी कॅरम बाकावर मांडला. पावडर सगळी इंजिनावर गेलेली, त्यामुळे स्ट्रायकर निम्म्या वाटेतच रुतायचा. सुजय जोर लावायचा आणि सोंगट्या उडून खाली पडायच्या. उस्ताद हलकेच टिचकी मारायचे. त्यांची सोंगटी भोकापाशी जाऊन थांबायची, पुढच्या टिचकीला आत जायची.

एक तास गेला. सुजय दोनदा उठला, दोनदा “बस” ऐकून बसला.

“तुझ्याकडं गाडी येती तेव्हा तापलेलीच असती ना?” उस्तादांनी सोंगट्या लावता लावता विचारलं.

“चाळीस किलोमीटर चालून येते. तापलेलीच असणार.”

“आन् जाती कधी?”

“लगेच. सरांना गाडी घरी लागते, रात्री ठेवता येत नाही. तेवढ्यात दाब लावून बघतो, भाग बदलतो, देतो.”

“म्हंजे गार झालेली तू बघितलीच न्हाईस.”

“गार इंजिनात काय बघायचं? दुखणं तापल्यावर येतं.”

“हं...”

दुसरा तास गेला. तिसरा संपायला आला तसा सुजयही उठायचा थांबला. कॅरमवर तो आता हलक्या हातानं खेळत होता, आणि एक डाव तर त्यानं जिंकलाही. पत्रा आकसताना येणारी इंजिनाची टकटक कधीच बंद झाली होती.

उस्तादांनी बॉनेटकडं बघून मान हलवली.

सुजय गेला. वाकला. आधी काहीच दिसलं नाही. मग इंजिनाच्या पाठीमागं, जिथं बोटं जेमतेम पोचतात तिथं, हीटरकडं जाणारा बोटाएवढा पाइप दिसला. त्याच्या क्लिपेखालून एक हिरवी रेघ निघाली होती. पांढऱ्या पावडरीतून ती सावकाश खाली गेली होती आणि इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या गार्डात उतरली होती. जमिनीपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती.

त्याच्या डोळ्यांदेखत आणखी एक थेंब जमला.

तापलं की रबर फुगून क्लिपेत घट्ट बसत होतं. गार झालं की आकसत होतं, आणि रात्रभर सरांच्या अंगणात थेंब थेंब कूलंट जात होतं. वाळल्यावर त्याचा हिरवट पापुद्रा तिथं धरला असणार. पहिल्या दिवशीच धरला असणार. आणि पहिल्या दिवशीच तो सुजयनं प्रेशरनं धुऊन काढला होता. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.

“दोन महिने...” तो म्हणाला.

उस्तादांनी फळीवरच्या डब्यातून नवी क्लिप काढून त्याच्या तळहातावर ठेवली. पाइपचं चिरलेलं टोक कापून क्लिप आवळायला सुजयला वीस मिनिटं लागली. कूलंट भरलं, हवा काढली. हात स्थिर होते, पण मान वर होत नव्हती.

मग तो रस्त्याच्या कडेला गेला आणि त्यानं फोन लावला.

“सर, उद्या काकूंना घेऊन जा. इंजिन उघडायचं नाही... नाही सर, ऐका. रेडिएटर चांगला होता. थर्मोस्टॅट चांगला होता. पंपही चांगला होता. मी चुकलो. परवा काकू उन्हात बसल्या ते माझ्यामुळं.”



“जेवायला ये,” सर म्हणाले. “गाडी घेऊनच ये.”

सुजय परत आला. सवयीनं हात पाण्याच्या पाइपकडं गेला. इंजिनावर अजून पावडर होती, तिच्यावर ती हिरवी रेघही होती. त्यानं पाइप तिथंच सोडला आणि बॉनेट लावलं.

उस्ताद कॅरम पुसत होते.

“उस्ताद...”

“बोल.”

“त्या दिवशी मी एवढं बोललो. चार माणसांसमोर बोललो. तुम्हाला दिसत होतं माझं काय चुकतंय ते. तेव्हाच का नाही सांगितलंत? सहा वर्षं गेली...”

उस्तादांनी कॅरम भिंतीला टेकवून ठेवला. बाही खाली ओढली, मनगटापर्यंत.

“तापलेल्या गाडीचं झाकण उघडतंय का रं कुणी?”