झाकलेले सूर्यफूल

एका गावात द्वारकाबाई नावाची एक बाई राहत होती. माहेरून मिळालेले सूर्यफुलाचे एकुलते एक बी तिने परसात लावले. झाड वाढतच गेले. कुंपणावरून डोकावले, मग घराच्या कौलांच्याही वर गेले. त्यावर परातीएवढे फूल उमलू लागले. असले झाड पंचक्रोशीत कुणी पाहिले नव्हते.

पोपट घिरट्या घालू लागले, तशी तिने शेजारच्या भिवा सुताराची शिडी मागून आणली आणि जुन्या लुगड्याचे कापड फुलावर घट्ट बांधले.

शिडी न्यायला आलेला भिवा मान वर करून बघतच राहिला. म्हणाला, "वहिनी, बी धरलं की मलाही मूठभर द्या. एवढं उंच कसं होतं, ते बघायचंय."

"मग माझ्या झाडाचं अप्रूप काय राहिलं, भावजी?"

भिवा शिडी घेऊन गेला.

पुढे एका पोपटाने चोच मारमारून कापडाला भोक पाडले. ते शिवायचे तर शिडी हवी. पण आता कोणत्या तोंडाने मागायची? द्वारकाबाई खालूनच पोपटाला शिव्या देत राहिली.

फूल वाळल्यावर तिने झाड कापले आणि कापड सोडले. फूल बियांनी गच्च भरले होते. एक बी फोडले, तर आत काहीच नाही. दुसरे फोडले, तेही पोचट. आता हे झाड कायमचे संपले, या विचाराने तिला रडू आले.

तरी तिची बोटे चाचपतच होती. एका कडेला पुरीएवढ्या जागेत बिया टणक लागल्या. काही पोपटाने खाल्ल्या होत्या, पण उरलेल्या गराने भरलेल्या होत्या. इथेच का? तिने कापड पुन्हा फुलावर पसरून पाहिले. भोक नेमके तिथेच आले.

ती विचारात पडली. शेजारी दोडक्याच्या वेलावर मधमाश्या या फुलावरून त्या फुलावर जात होत्या. तिच्या लक्षात आले. कापडाने पोपट अडवले, तशा मधमाश्याही अडवल्या होत्या. त्या फुलावर बसल्याशिवाय दाणा भरतो कुठे?

चांगले बी जेमतेम मूठभर निघाले. त्यातले निम्मे पदरात घेऊन ती भिवाकडे गेली.

"हे तुमच्या वाट्याचं. भोक बुजवायला शिडी मागितली नाही, ते बरं झालं."

"मागितली असती तर दिली असती, वहिनी."

"म्हणूनच म्हणते, बरं झालं."

पुढच्या वर्षी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना उंच सूर्यफुले डोलली. कापड कुणीच बांधले नाही. पोपटांनी पोटभर खाल्ले, तरी दोन्ही घरची सुपे भरली.

तात्पर्य: कुणी काही नेईल या धास्तीने जो दार लावून बसतो, त्याच्याकडे काही घेऊन येणाराही बाहेरच राहतो.